गाणी, गेम आणि ग्रामसभा

जुन्या व्हिडिओ गेमवर आणि रॉक संगीतावर जीव लावून लिहिणारी माणसे गोव्यात पुष्कळ आहेत. म्हापशात आहेत, फोंड्यात आहेत, डिचोली-साखळीतही आहेत. कुणी लहानपणी खेळलेल्या 'कॉन्ट्रा'चे व्हिडिओ टाकतो, कुणी एखाद्या गिटारवादनातली जागा उलगडून दाखवतो, कुणी गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांच्या पहिल्या कॅसेटचे जपून ठेवलेले कव्हर मिरवतो. मग एखाद्या सकाळी तोच माणूस जमिनीचे क्षेत्र बदलू देणाऱ्या, नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमावर लिहितो, म्हादई नदीच्या पाण्याच्या वादावर लिहितो, आपल्या वाड्यावरचा डोंगर कसा कापला गेला ते फोटोंसकट मांडतो. त्याखालची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'पात्रांव, गेमांचें कितें तें उलय, राजकारण सोड' (बाबा, गेमचे काय ते बोल). मराठीतून लिहिणारे तेच वेगळ्या शब्दांत लिहितात: गाण्यांसाठी तुला फॉलो केले होते, हे कशाला?

त्याने सोडू नये, असे माझे मत आहे. छंद आणि सार्वजनिक प्रश्न एकाच माणसाच्या एकाच पानावर नांदावेत, आणि गोव्यात तर त्यांनी तसे नांदणे फार गरजेचे आहे. त्याचे मोठे कारण आपल्या वाचनाच्या सवयींत आहे. पण त्याआधी एक गैरसमज बाजूला करायला हवा.

गैरसमज असा की जुने गेम आणि रॉक ही निर्मळ करमणूक आहे आणि राजकारण बाहेरून येऊन ती नासवते. अटारी कंपनीने १९८० साली 'मिसाइल कमांड' नावाचा गेम काढला. खेळणाऱ्याच्या ताब्यात सहा शहरे. वरून क्षेपणास्त्रे पडत राहतात आणि ती हवेतच फोडायची. शत्रूवर उलट हल्ला करण्याची सोय त्यात नाही, आणि जिंकण्याचीही नाही. वेग वाढत जातो, एकेक शहर जाते, आणि सगळी संपली की पडद्यावर नेहमीच्या 'गेम ओव्हर'ऐवजी 'द एंड' अशी अक्षरे येतात. हा गेम बनवताना डेव्ह थोरर या प्रोग्रामरला अणुयुद्धाची दुःस्वप्ने पडत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. शीतयुद्धावरचे इतके थेट भाष्य नाणे टाकून खेळायच्या यंत्रात झाले आणि मुलांनी ते रांगा लावून खेळले. 'टेट्रिस' १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मला. त्याचे हक्क सोव्हिएत सरकारी संस्थेकडे गेले आणि अलेक्सी पाजित्नोव या त्याच्या कर्त्याला मानधन मिळू लागायला १९९६ उजाडले. आजही रेट्रो गेमच्या कोणत्याही गप्पा फार लांबल्या की कायद्यापाशी येऊन थांबतात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ते जपायचे कुणी, त्यांची प्रत ठेवणारा संग्राहक की चोर, हा प्रश्न सरळ सरळ सार्वजनिक धोरणाचा आहे.

रॉकबद्दल तर गोव्याने बाहेरची उदाहरणे शोधायचे कारण नाही. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये पहिला अल्बम शिवोलीच्या घरीच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः विकल्या. गाणाराही तोच, ध्वनिमुद्रण करणाराही तोच, विकणाराही तोच. आजच्या एकट्याने चालवलेल्या पानाचे हे पूर्वरूप म्हणता येईल. दोन वर्षांनी पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले तेव्हा रेमोंनी त्यांच्यासमोर गोव्याची गाऱ्हाणी मांडणारे गाणे म्हटले. ते उद्धटपणाचे आहे, अशी टीका झाली. राजीव गांधींनी मात्र गाणे आवडल्याचे पत्र पाठवले. राजभाषेचा प्रश्न पेटलेला होता, घटक राज्याचा दर्जा अजून मिळायचा होता (तो ३० मे १९८७ रोजी मिळाला). अशा वेळी त्या गायकाने फक्त समुद्र आणि फेणीवरच गायला हवे होते, असे आज कोण म्हणेल?

आणि हे रेमोपासून सुरू झालेले नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिले तियात्र (कोकणी रंगभूमीवरचे गाण्यांचे नाटक) झाले, तेव्हापासून त्याची एक रीत आहे: दोन पडद्यांच्या मधे 'कांतारां' येतात. त्या गाण्यांचा मूळ कथेशी संबंध असावाच लागत नाही. वर घरगुती दुःखाचे कथानक चाललेले असते, पडदा पडतो, आणि गायक पुढे येऊन मंत्र्याचा, खाणीचा, कॅसिनोचा समाचार घेतो. टाळ्या घेऊन तो आत गेला की कथा पुढे सुरू. माझ्यासारख्या मराठी घरात वाढलेल्यांना तियात्र उशिरा कळले. आमच्याकडे जत्रेचे नाटक, भजन आणि नाट्यसंगीत. पण गावडा समाजाच्या जागर या लोकनाट्यात गावातल्या घडामोडींवर नावे न घेता मारलेले टोमणे, शिगम्याच्या दिवसांत फिरणारे खेळ, सत्तरी तालुक्यातले रणमाले हे लोकनाट्य, हे सगळे आपल्याच मातीतले आहे. करमणुकीच्या मधोमध गावाची गोष्ट काढणे ही इथली जुनी वहिवाट आहे. फोनच्या पडद्यावर ती मोडायला सांगणाऱ्यांनी त्याचे कारण द्यायला हवे.

आता वाचनाच्या सवयींकडे येतो. गोव्याची लोकसंख्या सुमारे १५ लाख, पण सकाळी आपण सगळे एकच गोवा वाचत नाही. मराठी घरांत 'गोमन्तक', 'तरुण भारत', 'लोकमत', 'नवप्रभा', 'पुढारी'. दुसऱ्या घरांत 'हेराल्ड' आणि 'नवहिंद टाइम्स'. यांतला 'हेराल्ड' १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून निघाला आणि १९८३ मध्ये इंग्रजी झाला. देवनागरी कोकणीचे वाचक वेगळे, रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीचे वेगळे. १९३३ पासून चाललेले 'वावराड्यांचो इश्ट' हे रोमी कोकणी साप्ताहिक किती मराठी वाचकांनी हातात घेतले असेल? याचा परिणाम फार खोल आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सासष्टीतल्या चांदरला रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध माणसे रात्रभर रुळांवर बसली. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटीच्या जागेवरून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले आणि सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच होता: आमच्या जमिनीचा निर्णय आम्हाला न विचारता कसा घेता? सासष्टीतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचे आणि सत्तरीतल्या हिंदू बागायतदाराचे भांडण एकाच गोष्टीशी होते. तरी ते दोघे एकमेकांच्या वर्तमानपत्रांत क्वचितच भेटतात, आणि पत्रव्यवहाराच्या सदरात तर जवळजवळ नाहीच.

ते भेटतात कुठे, हे शोधू लागलो की उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. फुटबॉलच्या चर्चेत भेटतात. गिटारच्या तारा कुठे स्वस्त मिळतात या चौकशीत भेटतात. 'कॅसेट' फुंकून बसवली की गेम का चालू व्हायचा, या न संपणाऱ्या वादात भेटतात. मडगावचा बँक कारकून, पर्वरीचा प्रोग्रामर, वाळपईचा शिक्षक, कुडचड्याचा मेकॅनिक एका पानाखाली मराठी, कोकणी, रोमी, इंग्रजी अशा चारही तऱ्हांनी लिहितात आणि कुणाला कुणाची भाषा खटकत नाही. राजकीय पानावर याच मिसळीचे पहिल्या दहा मिनिटांत भाषावादात रूपांतर होते. मराठी विरुद्ध कोकणी, देवनागरी विरुद्ध रोमी. छंदाच्या पानावर माणसे आधीच एकमेकांना ओळखतात. वाळपईच्या शिक्षकाने मडगावच्या कारकुनाकडून गेल्या आठवड्यात एक दुर्मीळ ध्वनिमुद्रण मिळवलेले असते. तोच कारकून दुपदरीकरणावर दोन परिच्छेद लिहितो तेव्हा शिक्षक ते 'त्यांचे म्हणणे' म्हणून ओलांडून जात नाही, वाचतो. एवढे वाचणे गोव्यात दुर्मीळ झाले आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

एक विषय असा आहे की तो या पानांनीच हाताळायला हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हणजूण-वागातोरच्या रहिवाशांची झोप या नियमावर अवलंबून आहे. तिथले हाल ऐकले की नियम सैल करा असे म्हणवत नाही. पण रात्रभर चालणारे जत्रेचे नाटक आणि तळमळीने वाजवणारा एखादा लहान रॉक बँडही त्याच नियमाखाली येतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या क्लबांचा आवाज आणि देवळापुढच्या मांडवातली पेटी एकाच कलमात कशी बसवायची, सवलतीचे १५ दिवस कुणाच्या वाट्याला जातात, ते ठरवताना विचारले कुणाला जाते? नाट्यकर्मी हे मराठी वर्तमानपत्रांत मांडतात, बँडवाले इंग्रजीत, रहिवासी न्यायालयात. तिघांना एकत्र बोलायला लावू शकेल असा माणूस मला एकच दिसतो: संगीतावर लिहिणारा, ज्याचे वाचक तिन्हीकडे आहेत. त्याला 'गाण्यांपुरते बोल' असे सांगितले तर त्याने या नियमावर बोलायचे की नाही?

विरोधी म्हणणे मला समजते, विशेषतः एक. माणूस दिवसभर थकतो. बातम्या ऐकून जीव आंबतो. रात्री तो दहा मिनिटे जुना गेम पाहायला येतो आणि तिथेही भांडण. ही विश्रांतीची मागणी रास्त आहे आणि लिहिणाऱ्याने तिचा मान ठेवावा. राजकीय मजकुराचा पहिल्याच ओळीत उच्चार असावा, गेमच्या चित्राआड तो लपवू नये. ज्याला नको तो पुढे जाईल. रोजच्या दहा पोस्टपैकी नऊ संतापाच्या होऊ लागल्या तर छंदही मेला आणि वाचकही गेला. पण विश्रांती मागणे वेगळे आणि गप्प बसवणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिकाराचा: गेम कळतो म्हणून याला कायदा कळतो काय? कळत नसेल तर चूक दाखवा. मत द्यायला आपण कुणाकडून पदवी मागत नाही, मतदानाच्या दिवशी तर नाहीच.

'राजकारण सोड' या सल्ल्यामागे पुष्कळदा काळजी असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गोवा लहान आहे. घराघरांत कुणी सरकारी नोकरीत आहे, कुणी नोकरीच्या यादीकडे डोळे लावून आहे, कुणाची परवान्याची फाइल पंचायतीत अडकली आहे. आमदार लग्नाला येतो, मयतालाही येतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात एका तरुण गोमंतकीय अभियंत्यावर फेसबुकवरच्या लिखाणावरून गुन्हा नोंदला गेला होता. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, पण त्या बातमीने जी भीती बसली ती निकालाने गेली नाही. आई मुलाला 'कशाला लिहितोस रे?' म्हणते तेव्हा तिच्या मनात हेच असते. तिला मी दोष देणार नाही. मात्र माणसे भिऊन गप्प बसतात हे ठाऊक असताना, जो बोलतो आहे त्याला चारचौघांत 'तुझे काम गेम' म्हणून हिणवणे, ही त्या भीतीला केलेली मदत आहे.

माझी खरी चिंता वेगळी आहे. जुन्याच्या प्रेमातून जे राजकारण आपोआप उगवते, त्याची.

रेट्रो पानांवरचा सूर हळवा असतो. तेव्हा गाणी खरी होती, गेम खरे होते, मित्र घरी यायचे. इथवर ठीक. पण गोव्यात हे वाक्य फार लवकर पुढे सरकते: तेव्हा गोवाही खरा होता. आणि मग: तेव्हा 'भायले' (बाहेरचे) नव्हते. मग 'घाटी' हा शब्द येतो, जो आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, उत्तरेतून आलेल्या अशा कुणालाही चिकटवला जातो. ज्या प्रतिक्रियांत काल कॉन्ट्रातल्या तीस जिवांच्या युक्तीवर हसणे चालले होते तिथे आज भाजी विकणाऱ्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला शिव्या. डोंगर विकणारा कोण, विकत घेणारा कोण, जमिनीचे रूपांतर करून देणारी सही कुणाची, हे प्रश्न मागे पडतात. त्या सहीपर्यंत पोहोचायला कागद वाचावे लागतात. मजुराला शिवी द्यायला काहीच लागत नाही.

या आठवणी कशाच्या बनल्या आहेत तेही पाहावे. टीव्हीला जोडायचे जे यंत्र आपण निन्टेंडोचे फॅमिकॉम समजून खेळलो ती बहुतेक तैवान-चीनमध्ये बनलेली नक्कल होती; मूळ यंत्र जपानी, १९८३ चे. रॉकच्या कॅसेट तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्यांच्या, ट्रंकांतून आल्या, आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून आल्या. म्हणजे आपले बालपण बाहेरून आलेल्या वस्तूंनी आणि पोटासाठी परमुलखात गेलेल्या आपल्याच माणसांनी घडवले. ती माणसे कुवेतमध्ये 'भायली'च होती.

रॉकच्या इतिहासात याच प्रश्नावर एक प्रसंग घडून गेला आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाने मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले आणि एनॉक पॉवेल या पुढाऱ्याची बाजू घेतली. क्लॅप्टनची सगळी गिटार कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभी होती. दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्ले या जमैकाच्या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे गाऊन त्याने मोठे यश मिळवले होते. त्याला उत्तर एखाद्या पक्षाने दिले नाही. रेड सॉन्डर्स हा छायाचित्रकार आणि त्याच्या काही मित्रांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहून त्याला खडसावले, तुझे संगीत कुणाकडून आले ते आठव म्हणून. त्याच पत्रात वर्णद्वेषाविरुद्ध रॉक संगीतात चळवळ उभारण्याचे आवाहन होते. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' असा तिचा जन्म झाला. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनमध्ये ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला आणि तिथे हजारो लोकांपुढे कार्यक्रम झाला. 'आमच्या संगीताच्या पानावर राजकारण नको' असे त्या साप्ताहिकांनी ठरवले असते तर मंचावरचे भाषण तेवढे उरले असते. द्वेष छंदाच्या दारातून आत येतोच. त्याला अडवायलाही छंदातलीच माणसे लागतात, कारण बाहेरच्याचे तिथे कुणी ऐकत नाही.

आता पैशाचे बोलू, कारण २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक आहे. गोव्यात ४० मतदारसंघ; २०२२ मध्ये साधारण ११-१२ लाख मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात तीस हजारांच्या आसपास. त्या निवडणुकीत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. दोन-तीन हजार वाचक असलेले जुन्या गाण्यांचे पान मोठ्या राज्यात कुणाच्या खिजगणतीत नसेल. इथे ते जागा फिरवू शकते, आणि पक्षांच्या प्रचारकांना हे आपल्याआधी कळते. निवडणूक आयोगाचे २०१३ पासूनचे नियम उमेदवारांच्या आणि पक्षांच्या समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींना लागू आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचना वस्तू आणि सेवांची भलामण करणाऱ्यांना मोबदला उघड करायला सांगतात. पण एखाद्या लाडक्या गेमवाल्याने 'सहज मनात आले' म्हणून एका उमेदवाराचे कौतुक केले आणि त्यामागे पाकीट असले, तर ते पकडायचे कसे? ही फट आयोगाने बुजवायलाच हवी. तोवर निदान लिहिणाऱ्यांनी आपल्या पानाच्या माथ्यावर लिहून टाकावे: राजकीय मजकुरासाठी मी पैसे, वस्तू, प्रवास, कार्यक्रमाचे काम यांतले काहीही घेत नाही, घेतले तर त्याच पोस्टमध्ये सांगेन. बँडवाल्यांना हे अवघड जाईल, कारण उमेदवारांच्या पैशावर होणारे कार्यक्रम हा त्यांच्या मिळकतीचा भाग आहे. वाजवायला जाऊ नये असे मी म्हणत नाही. मानधन कुणाचे ते सांगावे.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मेटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की इन्स्टाग्राम आणि थ्रेड्सवर, आपण फॉलो करत नसलेल्या खात्यांचा राजकीय मजकूर आपणहून सुचवला जाणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये ते धोरण उलटवले. दोन्ही वेळा शेळ-मेळावलीला किंवा चांदरला कुणी विचारले नाही, आणि राजकीय म्हणजे काय हे ठरवणारे कार्यालय इथून हजारो मैलांवर आहे. दहा वर्षे गेमवर लिहून जोडलेले वाचक मात्र अशा शिफारशीतून आलेले नसतात. ते नावाने ओळखतात, चुकले तर फोन करतात. अशा पानांकडे माझी एक साधी मागणी आहे. पंचायतराज कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि बहुतेक ठिकाणी खुर्च्या रिकाम्या असतात. आपल्या गावच्या सभेची तारीख, विषयपत्रिका आणि नंतरचा ठराव, तिन्ही गोष्टी गेमच्या आणि गाण्यांच्या मधे टाकत जा. मराठीत टाका, कोकणीत टाका, दोन्ही लिप्यांत टाका. ठरावाच्या प्रतीचा फोटो असला तर फार चांगले, कारण तोंडी ठराव इतिवृत्तात वेगळाच उमटलेला अनेक गावांनी पाहिला आहे.